बंद करण्याऐवजी ‘स्लीप’: घरच्या संगणकावरचा अडीच वर्षांचा अनुभव

चिपळूणच्या आमच्या घरी ज्या संगणकावर मी मुद्रितशोधनाचे आणि पुस्तकांच्या मांडणीचे काम करते, तो गेल्या अडीच वर्षांत ‘शटडाऊन’ करून मी फार क्वचित बंद केला आहे. रात्री काम थांबवले की मी तो स्लीपला टाकते आणि सकाळी कळफलकावरची एक कळ दाबून, जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू करते. विंडोजमध्ये ही सोय आयती मिळते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत, तरीही ओळखीच्या बहुतेक घरांत ती कोणी वापरत नाही. ज्यांनी वापरून पाहिली त्यांतले निम्मे ‘स्लीपचा काही भरवसा नाही’ म्हणून पुन्हा शटडाऊनकडे वळले आहेत. माझे मत असे झाले आहे की या सोयीवर भरवसा ठेवता येतो, मात्र आपल्या घरातली वीज जशी वागते त्याला मानवेल असाच झोपेचा प्रकार निवडावा लागतो. त्या निवडीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे.

ज्या यंत्रांवरून हे लिहीत आहे ती आधी सांगते. एक आहे २०१९ साली जुळवून घेतलेला डेस्कटॉप: १६ जीबी रॅम (चालू काम धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती), ५०० जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क), विंडोज ११ आणि सोबत वीज गेल्यावर काही वेळ पुरवठा करणारा साधा घरगुती यूपीएस. दुसरा आहे प्रवासात नेण्यासाठी २०२२ साली घेतलेला लॅपटॉप. या दोन यंत्रांचा अनुभव इतका वेगळा आला की एकाच नावाची सोय दोन्हींत आहे हे खरे वाटू नये.

माझ्या कामात स्लीपचे मोल का आहे, ते बाहेरून लवकर लक्षात येत नाही. माझ्यासमोर एका वेळी लेखकाच्या हस्तलिखिताची स्कॅन केलेली पाने, मांडणीच्या प्रणालीतले पुस्तक, आधीच्या प्रकरणांत ठरवलेल्या शब्दरूपांची यादी आणि ब्राउझरमध्ये तीन-चार कोश उघडे असतात. एसएसडीमुळे संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होतो हे खरे, पण हा सगळा पसारा पुन्हा मांडायला सहा-सात मिनिटे जातात आणि रात्री डोक्यात असलेला धागा पुन्हा हाती यायला त्याहून जास्त वेळ लागतो. एखाद्या चरित्राच्या २१४व्या पानावर ‘पाश्चात्त्य’ या शब्दातला दुसरा ‘त’ सगळीकडे आला आहे की नाही हे तपासता तपासता मी झोपायला गेले, तर सकाळी दोन-तीन सेकंदांत तेच पान समोर येते आणि कर्सर त्याच शब्दापाशी लुकलुकत असतो. रोज रात्री दुकान आवरून सकाळी पुन्हा मांडावे लागणाऱ्या माणसालाच मांडलेले दुकान तसेच ठेवता येण्याचे सुख कळेल.

आपल्या पिढीला शटडाऊनची सवय लागली त्यामागे कारण होते. विंडोज ९५ आणि ९८च्या काळातल्या जुन्या एटी पद्धतीच्या कॅबिनेटवर शटडाऊन केल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ यायची आणि मग आपण हाताने खटका दाबायचो, कारण त्या यंत्रांना स्वतःची वीज स्वतः तोडता येत नव्हती. १९९५ साली इंटेलने संगणकाच्या मदरबोर्डसाठी आणि वीजपुरवठ्यासाठी एटीएक्स ही रचना आणली, तीत मुख्य वीज बंद असतानाही ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा चालू ठेवण्याची सोय आली. आणि १९९६च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय हे प्रमाण प्रसिद्ध केले, ज्यात संगणकाच्या झोपेच्या पायऱ्या नेमून दिल्या गेल्या. म्हणजे यंत्रे केव्हाच बदलली, पण संगणकाच्या क्लासात शिकलेला ‘आधी शटडाऊन, मग मॉनिटर, मग यूपीएस, मग भिंतीवरचे बटण’ हा क्रम आपल्या हातांत तसाच राहिला.

विंडोजमधल्या झोपेच्या तीन पायऱ्यांचा फरक कळला की पुढचे सगळे सोपे होते. साध्या स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखे, पडदा हे सारे बंद होते आणि फक्त रॅम जागी राहते. रॅममधली प्रत्येक नोंद ही अतिसूक्ष्म धारित्रातला (कपॅसिटरमधला) विद्युतभार असते, तो भार सतत गळत असतो आणि म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांना तो पुन्हा भरावा लागतो. वीज तुटली की रॅममधले सगळे थोड्याच वेळात पुसले जाते. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवरच्या एका मोठ्या फाइलमध्ये उतरवला जातो आणि मग संगणक पूर्ण बंद होतो, त्यामुळे वीज असो वा नसो, काम सुरक्षित राहते, फक्त उठायला जास्त वेळ लागतो. तिसरी पायरी हायब्रिड स्लीप, जी विंडोज व्हिस्टापासून आली. हिच्यात संगणक रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून ठेवतो आणि तरीही रॅम जागी ठेवूनच झोपतो. रात्रभर वीज राहिली तर तो रॅममधून दोन सेकंदांत उठतो, मध्येच वीज गेली तर डिस्कवरून वीस-पंचवीस सेकंदांत उठतो. आपल्याकडच्या घरांसाठीच कोणी ही सोय बेतली असावी इतकी ती इथे चपखल बसते, आणि नेमकी तीच बहुतेकांच्या संगणकात बंद पडलेली असते.

माझ्याही संगणकात ती बंद होती आणि ते मला किंमत मोजून कळले. पहिल्या महिन्यात एका रात्री मी संगणक साध्या स्लीपमध्ये ठेवून झोपले. झोपण्यापूर्वी घरातली सगळी बटणे बंद आहेत ना हे पाहण्याची आमच्या बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, चाळीस वर्षांची शिस्त आहे. कॅबिनेटवरचा पांढरा दिवा मंदपणे लुकलुकताना दिसला, म्हणून सूनबाई विसरली असे समजून त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले. त्यावर यूपीएस टीं-टीं करू लागला, म्हणून त्याचेही बटण दाबून ठेवले. सकाळी कळ दाबली तेव्हा संगणक अगदी कोरा उठला. मांडणीच्या प्रणालीने आपोआप राखलेल्या प्रतीमुळे बरेचसे परत मिळाले, पण शेवटच्या तासाभरातल्या बारा पानांच्या दुरुस्त्या गेल्या. बाबांना फार वाईट वाटले, मला त्याहून जास्त वाटले, कारण चूक त्यांची नव्हती. घरात सगळ्यांनी मिळून पाळायच्या शिस्तीविरुद्ध जाणारी सोय मी कोणाला न सांगता सुरू केली होती.

शोध घेतला तेव्हा कारण सापडले. ज्यांनी संगणक जुळवून दिला त्यांनी एसएसडीवरची जागा वाचावी म्हणून हायबरनेट बंद करून टाकले होते आणि हायबरनेट बंद असले की हायब्रिड स्लीपही चालत नाही, कारण दोघांची फाइल एकच. ही फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के जागा घेते; माझ्या १६ जीबीच्या रॅमसाठी ती साडेसहा जीबीच्या आसपास होते. ५०० जीबीच्या डिस्कवर एवढ्या जागेसाठी ही सोय गमावणे मला मुळीच पटत नाही. ती परत मिळवायला कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘हायबरनेट ऑन’ या शब्दांसह द्यावी लागते. त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, प्रगत मांडणीत, ‘अलाऊ हायब्रिड स्लीप’ हा पर्याय चालू करावा लागतो. आपल्या यंत्राला झोपेचे कोणते प्रकार जमतात हे पाहायचे असेल तर त्याच आज्ञेपुढे तिरकी रेघ आणि इंग्रजी ‘ए’ हे अक्षर लिहिले की यादीच समोर येते.

रोज एवढे लिहून एसएसडी झिजेल, अशी शंका मला एका जाणकाराने बोलून दाखवली, म्हणून मी हिशेब मांडून पाहिला. रोज साडेसहा जीबी लिहिले गेले तरी वर्षाला सुमारे २.४ टीबी (एक टीबी म्हणजे सुमारे हजार जीबी) होतात. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला ३०० टीबीपर्यंत लेखनाची हमी दिलेली असते. या गतीने ती संपायला शंभराहून जास्त वर्षे लागतील, आणि ही शंका इथेच मिटते.

हायब्रिड स्लीप सुरू केल्यानंतर मी ती बाबांच्या देखत पारखून घेतली. एक फाइल उघडी ठेवून संगणक झोपवला, दिवा लुकलुकू लागल्यावर त्यांनाच भिंतीवरचे बटण बंद करायला सांगितले, यूपीएसही बंद केला आणि दहा मिनिटांनी सगळे पुन्हा चालू केले. पडद्यावर क्षणभर कंपनीची खूण आली, मग फिरते ठिपके, आणि मग तेच पान. तेव्हापासून आमच्याकडे रात्री बटण बंद करायलाही बंदी नाही. कोकणातल्या विजेच्या लपंडावाला तर हे फारच मानवते. वळवाच्या दिवसांत किंवा हस्ताच्या पावसात दुपारी गडगडू लागले की मी संगणक झोपवते, पंखा थांबेपर्यंत वाट पाहते, आणि मग विजेची पिन आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवते. वीज पडल्याने तारेतून येणारा धक्का साधा घरगुती यूपीएस अडवील या भरवशावर राहू नये, आणि संगणक झोपलेला आहे की बंद आहे हे तो धक्का पाहत नाही; अशा वेळी पिन काढणे हाच उपाय. साध्या स्लीपमध्ये पिन काढली की काम गेलेच. हायब्रिडमध्ये ते डिस्कवर शाबूत असते.

आता विजेच्या बिलाबद्दल, कारण पहिला प्रश्न सगळीकडे हाच येतो. पिनेला लावायच्या वीजमापकावर मी मोजले तेव्हा माझा डेस्कटॉप पडद्याशिवाय नुसता चालू असताना ४५ वॉटच्या आसपास, झोपेत अडीच वॉट आणि शटडाऊन केल्यावर सुमारे १ वॉट घेत होता. शटडाऊननंतरही शून्य येत नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. ५ व्होल्टचा तो बारीक पुरवठा तेव्हाही चालूच असतो. दिवसाचे पंधरा तास संगणक वापरात नाही असे धरले तर वर्षभरात झोपेचे १४ युनिट होतात आणि बंद ठेवल्याचे साडेपाच. फरक आठ-साडेआठ युनिटांचा. सोयीसाठी युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला पंच्याऐंशी रुपये. पण तेच पंधरा तास तो नुसता चालू राहिला तर जवळपास २४६ युनिट जळतात आणि अडीच हजार रुपयांच्या घरात रक्कम जाते. मी आजूबाजूला पाहते तर लोक शटडाऊन आणि स्लीप यांत तोलत नसतात. जेवायला, बाजारात, दुपारच्या झोपेला जाताना पुन्हा सगळे उघडायचा कंटाळा म्हणून ते संगणक चालूच ठेवतात. स्लीपची खरी बचत या चालू ठेवलेल्या तासांत आहे. मी वीस मिनिटे हात लागला नाही तर आपोआप झोप लागावी असे लावून ठेवले आहे आणि त्यामुळे नुसत्या विसरभोळेपणात जाणारी वीज वाचते. झोपेतला तो अडीच वॉटही ज्यांना खुपतो त्यांनी हायबरनेट करून बटण बंद करावे. मी स्वतः चार दिवसांहून जास्त बाहेरगावी जाते तेव्हा तसेच करते.

दोष नाहीत असे मुळीच नाही. सगळ्यांत जास्त त्रास मला झाला तो अवेळी उठण्याचा. रात्री दोनच्या सुमारास पंख्याचा आवाज येऊन खोली पडद्याच्या उजेडाने भरून जायची. ‘पॉवरसीएफजी’ला ‘लास्टवेक’ हा शब्द जोडून विचारले की शेवटी कोणी उठवले ते ती सांगते. माझ्याकडे कधी नेटवर्क कार्ड निघाले, कधी माऊस, आणि कधी विंडोजची स्वतःची देखभाल, जिची ठरलेली वेळच रात्री दोनची असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊस आणि नेटवर्क कार्ड यांच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावरची संगणक उठवण्याची परवानगी काढून घेतली, पॉवर ऑप्शन्समध्ये ठरल्या वेळी संगणक उठवणारे ‘वेक टायमर्स’ बंद केले, आणि मग शांत झाले. कळफलकाची परवानगी मात्र ठेवली. हे एकदाच करावे लागते, पण ते माणसाला स्वतः शोधून काढावे लागते, आणि त्यापूर्वीच बहुतेकजण कंटाळून स्लीप सोडून देतात, ही या सोयीची मोठी उणीव आहे.

उठल्यावर जुना प्रिंटर कधीकधी ओळख देत नाही, त्याची तार काढून लावावी लागते. ब्लूटूथचा श्रवणसंचही एखाद्या वेळी रुसतो. याहून महत्त्वाचे असे की झोपलेल्या संगणकाचे झाकण उघडून आत रॅम बसवणे किंवा धूळ साफ करणे कदापि करू नये. त्याला वीज मिळतच असते. त्यासाठी पूर्ण बंद करून पिन काढावीच.

लॅपटॉपच्या बाबतीत मी नाराज आहे. २०२२च्या त्या यंत्रात जुन्या पद्धतीची झोप ठेवलेलीच नाही. तिच्या जागी ‘मॉडर्न स्टँडबाय’ आहे, ज्यात संगणक फोनसारखा अर्धवट जागा राहतो, प्रोसेसर हळू श्वास घेत असतो आणि जाळ्याशी नाते तुटत नाही. फोनला हे शोभते, कारण तो त्यासाठीच घडवलेला असतो. लॅपटॉपचे झाकण मिटून, तो पिशवीत घालून मी कुंभार्ली घाटातून एसटीने पुण्याला निघाले. कऱ्हाडच्या पुढे पिशवीवर हात ठेवला तेव्हा कापडातून चटका जाणवला. बॅटरी ९२ टक्क्यांवरून ३१वर आलेली होती. विंडोजचा ‘स्लीपस्टडी’ हा झोपेचा अहवाल काढून पाहिला तर मिटलेल्या अवस्थेत कितीतरी वेळ कोणता ना कोणता घटक काम करत राहिलेला दिसला. ज्या यंत्रात अशी झोप आहे त्यात साधा स्लीप आणि हायब्रिड दोन्ही मिळत नाहीत, म्हणून उरतो तो हायबरनेटचाच मार्ग. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘झाकण मिटल्यावर हायबरनेट’ असे लावल्यापासून पिशवी गार राहते आणि पुण्याला पोहोचल्यावर बॅटरी जशी होती तशी असते. उठायला वीस सेकंद लागतात, त्याचे मला काही वाटत नाही. प्रवासात याचा आणखी एक फायदा आहे. झोपलेल्या यंत्राच्या रॅममध्ये डिस्कच्या कुलपाची, म्हणजे तिच्यावरचा मजकूर सांकेतिक करून ठेवणाऱ्या एन्क्रिप्शनची, किल्ली राहते आणि ती काढून घेता येते, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ सालीच दाखवून दिले होते. हायबरनेटनंतर रॅमला वीजच मिळत नाही.

मग शटडाऊन कधीच करू नये का, असे मला शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी विचारले. ते रोज रात्री न चुकता शटडाऊन करतात आणि म्हणून आपला संगणक रोज ताजातवाना सुरू होतो असे त्यांना वाटत होते. मी त्यांच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’, म्हणजे विंडोज नव्याने सुरू झाल्यापासूनचा काळ, उघडून दाखवला. तिथे एकोणीस दिवस लिहिलेले होते. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आपोआप चालू असते. तीत शटडाऊन केल्यावर आपल्या उघड्या फाइल्स तेवढ्या बंद होतात, विंडोजचा गाभा मात्र डिस्कवर उतरवून झोपवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. म्हणजे आपला पसारा आवरला जातो, पण यंत्राचे डोके काही मोकळे होत नाही. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते. मी दर शनिवारी संध्याकाळी सगळे सेव्ह करून रीस्टार्ट करते, कारण आठवडाभरात ब्राउझर रॅममध्ये हातपाय पसरून बसलेला असतो. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा दुरुस्त्या निघतात, त्या आपल्याकडे रात्री उशिरा पोहोचतात, म्हणून त्या बुधवारी आणखी एक रीस्टार्ट होतो. एवढे सांभाळले तर स्लीपमुळे संगणक मंदावल्याचा अनुभव मला आलेला नाही. स्लीपला टाकण्यापूर्वी सेव्ह करण्याची सवय मात्र सोडू नये. हायब्रिड स्लीप हा दुसरा आधार आहे, पहिला आपला हातच.

डेस्कटॉपवरच्या हायब्रिड स्लीपला मी पाचपैकी साडेचार गुण देईन आणि अर्धा गुण त्या रात्रीच्या अवेळी उठण्यासाठी कापीन. लॅपटॉपवरच्या मॉडर्न स्टँडबायला दोनाहून जास्त देववत नाहीत. नवा डेस्कटॉप जुळवून घेणाऱ्यांनी दुकानातच एक गोष्ट करून पाहावी. वर्डची एक कोरी फाइल उघडावी, तीत सेव्ह न करता चार ओळी लिहाव्यात, संगणक स्लीपला टाकावा, दिवा लुकलुकू लागला की सरळ पिन ओढावी आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावावी. त्या चार ओळी परत समोर आल्या तर यंत्र घरी न्यावे. नाही आल्या तर हायबरनेट चालू करून देईपर्यंत तिथून हलू नये.